चपला बाहेर, हात मागे : संगणक प्रयोगशाळेची एक इंदुरी हकिकत

आमच्यापैकी बहुतेकांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो अनवाणी पायांनी. १९८०च्या दशकाचा उत्तरार्ध असावा. काचेचे दार, त्यावर 'जूते-चप्पल बाहर उतारें' अशी पाटी, आत एसीचा गारवा आणि देवघरातल्या मूर्तीला वस्त्र घालावे तसे प्रत्येक यंत्रावर कापडी झाकण. आठवड्यातून एक तास, एका यंत्रापुढे तिघे-चौघे. कळफलकावर बोटे चालायची ती वर्गात पहिल्या येणाऱ्याची; बाकीचे हात मागे बांधून पाहत उभे. तास संपताना सर एकच प्रश्न विचारत, ''कुणी काही बदललं नाही ना?'' आम्ही एका सुरात 'नाही सर' म्हणत असू आणि खोलीला कुलूप लागत असे. काही बदलले नाही म्हणजे काही शिकलोही नाही, हे तेव्हा सरांच्याही ध्यानात आले नव्हते आणि आमच्याही.

आता आमच्याच घरांतली मुले-सुना सायबर सुरक्षा शिकवतात. परवा मंडळाच्या बैठकीत स्मरणिकेच्या विषयांची चर्चा चालली असता त्यांच्यातली एक सहज म्हणाली, ''आज माझ्या वर्गानं साठ कॉम्प्युटर मोडले. उद्या सकाळी परत साठ नवे.'' बैठकीतल्या ज्येष्ठांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. ते मोडलेले संगणक लोखंडाचे नव्हते, आभासी होते, हे तिने मग समजावून सांगितले. तिथूनच या लेखाला सुरुवात झाली. कुलूपबंद खोलीपासून रोज मोडता येणाऱ्या साठ यंत्रांपर्यंत आपण कसे आलो, त्याची ही हकिकत.

मोडण्याची मुभा इंदूरला नवी नाही. १८९१ मध्ये होळकर कॉलेज सुरू झाले, तेव्हापासून इथल्या मुलांनी परीक्षानळ्या फोडल्या आहेत. १९५२ मध्ये श्री गोविंदराम सेकसरिया संस्था, म्हणजे आपले जीएसआयटीएस, उभी राहिली. तिथल्या वर्कशॉपमधून गेलेले काका-मामा आजही सांगतात की, फिटिंगच्या तासाला कानस मारता मारता जॉब बिघडला, की ओरडा खायचा आणि लोखंडाचा नवा तुकडा घ्यायचा. तुकडा स्वस्त होता म्हणून हात तयार झाला. संगणक आला आणि हे गणित उलटले. यंत्र महाग, दुरुस्त करणारा मुंबईहून येणार, म्हणून विद्यार्थ्याने त्याला शक्यतो हातच लावू नये!

जीएसआयटीएसमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक तरुण मुंबईला पवईच्या आयआयटीत पुढे शिकायला गेला. दीपक फाटक. १९७१ पासून ते तिथेच अध्यापनात राहिले आणि २०१३ मध्ये पद्मश्री झाले. आपल्या मंडळींना त्यांच्या नावाचा अभिमान आहेच, पण इथे त्यांचा उल्लेख वेगळ्या कारणाने करायचा आहे. त्याकडे पुढे येऊ. ते गेले त्या काळात पवईला सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क हा संगणक होता. त्या पिढीचे संगणकशिक्षण म्हणजे कार्डांना भोके पाडायची, गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हा रांगेत. यंत्र आणि विद्यार्थी यांच्यामध्ये खिडकी होती, आमच्या वेळी काचेचे दार आले, एवढाच काय तो फरक.

गंमत अशी की, ही खिडकी काढून टाकण्याची युक्ती तेव्हाच सापडलेली होती. अमेरिकेत केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात १९६०च्या दशकाच्या मध्यावर काही अभियंत्यांनी असा विचार केला की, एकच मोठे यंत्र असले तरी त्यावर एक असा प्रोग्राम चालवावा, जो प्रत्येक वापरणाऱ्याला 'हे अख्खे यंत्र तुझे एकट्याचे' असे भासवील. त्याची स्मृती वेगळी, तबकडी वेगळी. त्याने स्वतःचे यंत्र बंद पाडले तरी शेजाऱ्याला पत्ता लागू नये. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणू लागले. १९७२ मध्ये आयबीएमने ती सोय व्हीएम-३७० या नावाने बाजारात आणली. पण ती चालायची अवाढव्य यंत्रांवर. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातला गाशा गुंडाळला. पुढे छोटे पीसी आले तेव्हा जगभरच लोक ही युक्ती जवळजवळ विसरले. प्रत्येकाला स्वतःचे यंत्र मिळणार तर भास कशाला हवा? आपल्याकडे मात्र प्रत्येकाला मिळत नव्हते. तिघांत एक मिळत होते.

नव्वदच्या दशकात लॅबमधली यंत्रे वाढली आणि कुलूप थोडे सैल झाले. त्याबरोबर नवा त्रास आला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीवरून फिरत जगभर गेला होता. पाठोपाठ इतर आले. मुले घरून फ्लॉपी आणत आणि एका तासात सगळी खोली आजारी पडे. या काळाचा खरा नायक म्हणजे लॅब असिस्टंट. त्याच्यावर कुणी कधी लेख लिहीत नाही, म्हणून इथे चार ओळी जास्त लिहितो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री हा माणूस थर्मासमध्ये चहा भरून खोलीत बसे. एक यंत्र नीट तयार करी, 'घोस्ट' नावाच्या प्रोग्रामने त्याच्या तबकडीची हुबेहूब प्रत काढी आणि ती एकेक करत तीस-चाळीस यंत्रांत उतरवी. पहाटे शेवटचे यंत्र होई, सकाळी दहाला मुले येत आणि अकरापर्यंत निम्मी यंत्रे पुन्हा बिघडलेली असत. मग कुणी तरी 'डीप फ्रीझ' आणले. यंत्र बंद करून चालू केले की कालचे सगळे पुसून मूळ स्थितीत हजर. सायबर कॅफेवाल्यांनीही तेच बसवले होते. कुणी काहीही बदलले तरी चिंता नाही, हे वाक्य प्रथमच खरे झाले. त्या दोन प्रोग्रामांनी लॅब असिस्टंटची झोप वाचवली, आणि पुढे येणाऱ्या मोठ्या गोष्टीची पायरीही तीच होती, असे आम्हाला वाटते.

ती मोठी गोष्ट गरजेतून आली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. त्याच्या सांगण्यानुसार नुकसान करण्याचा हेतू नव्हता. पण तो प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत हजारो यंत्रांत शिरला आणि त्यांना गुदमरवून टाकले. मॉरिसला न्यायालयाने तीन वर्षांची देखरेख, दंड आणि समाजसेवेची शिक्षा दिली. पुढे तोच एमआयटीत प्राध्यापक झाला. या मुलाकडे आपला प्रयोग करून पाहायला चार भिंतींच्या आतले, बाहेर न गळणारे जाळे असते तर? हा प्रश्न नंतर अनेकांनी विचारला. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा अपराध ठरला. कायदा योग्यच आहे. पण चोरी कशी होते हे न पाहता कुलूप कसे बनवायचे ते शिकवता येत नाही. पोहायला शिकवायचे तर आधी हौद हवा. कुणी पोराला थेट चंबळेच्या पुरात ढकलत नाही.

हा हौद तयार होण्याला दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने आयबीएमची ती विसरलेली युक्ती साध्या पीसीवर आणली. आणि २००२ पासून अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात वेनलियांग डू या प्राध्यापकांनी 'सीड' नावाने सुरक्षेचे प्रयोग रचायला सुरुवात केली. त्यांनी मुद्दाम दोष ठेवलेले आभासी यंत्र आणि त्यासोबत प्रयोगाची पुस्तिका दिली. विद्यार्थ्याने दोष शोधायचा, त्यातून आत शिरायचे, मग तो दोष बुजवायचा. हे सारे फुकट उपलब्ध असल्याने जगभरच्या महाविद्यालयांत पोहोचले. आमच्यातल्या काही शिक्षकांनी त्या फायली रात्रभर डाउनलोड करून पेन ड्राइव्हने वर्गात वाटल्याचे सांगितले. इंटरनेटचा वेग असा की, फाईल नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन वीज जायची. वीज गेली की घरभर ऐकू येईल असा जो उद्गार निघे, तो इथे छापण्यासारखा नाही.

मात्र पेन ड्राइव्हचा हा मार्ग लंगडा होता. कुणाच्या लॅपटॉपवर फाईल चालायची नाही, कुणाचा पासवर्ड वेगळा, कुणाच्या यंत्राची स्मृती अपुरी. तासातला अर्धा वेळ 'सर, माझं सुरूच होत नाही' यातच जाई. शिवाय सगळ्यांना एकच यंत्र, म्हणजे उत्तरही एकच. पहिल्या बाकावर सापडलेले उत्तर तास संपेपर्यंत शेवटच्या बाकापर्यंत आलेले असे.

उपाय निघाला तो यंत्राऐवजी यंत्राची कृती वाटण्याचा. इथे इंदूरकरांना एक जुनी गोष्ट आठवायला हरकत नाही. १९२४ मध्ये आपल्या गावात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही शेतीसंशोधनाची संस्था निघाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ सहकारी यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, राख आणि गोमूत्र मुरलेली माती यांपासून खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक काढले. कोणता थर आधी, कोणता नंतर, पाणी केव्हा, उलथापालथ किती वेळा, हे सारे त्यात लिहिलेले. तीन महिन्यांत खत तयार. ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. इंदूरहून खताची एक पाटीही कुठे पाठवली गेली नाही. गेली ती कृती, आणि ज्याने त्याने आपल्या गोठ्याशेजारी खत केले.

आभासी प्रयोगशाळेचे स्वयंचलन नेमके हेच करते. २०१० मध्ये व्हॅग्रंट आणि २०१३ मध्ये डॉकर ही साधने आली. शिक्षक एक साधी मजकुराची फाईल लिहितो: अमुक आवृत्तीची लिनक्स घे, तिच्यावर अमुक वेबसाइट बसव, तिच्यात हा एक दोष ठेव, शेजारी हल्ला करणाऱ्याचे दुसरे यंत्र उभे कर, दोघांना एका तारेने जोड आणि बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा रस्ता बंद ठेव. एक आज्ञा दिली की सर्व्हर ही कृती वाचून जोडी उभी करतो. विद्यार्थी साठ असतील तर साठ जोड्या. रात्रभर थर्मास घेऊन बसणाऱ्या माणसाचे काम चहा निवायच्या आत होते. अमेरिकेच्या नौदलाच्या मॉंटेरे इथल्या पदव्युत्तर शाळेने लॅबटेनर्स नावाची जी प्रणाली केली, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याच्या यंत्रातले दडवलेले गुपित वेगळे असते. शेजाऱ्याचे उत्तर उतरवले तर ते चूकच येते, आणि कोणी काय केले याची नोंद होऊन तपासणीही बरीचशी आपोआप होते.

एका सर्व्हरवर साठ यंत्रे मावतात कशी, असे ज्येष्ठांनी विचारले. आम्हाला समजले ते असे. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. विहीर, चूल, न्हाणीघर सगळे आपापले. डॉकरचा कंटेनर म्हणजे जुन्या वाड्यातले बिऱ्हाड. खोली स्वतःची, पण चौक आणि नळ सामाईक. बिऱ्हाडे जास्त मावतात हे रामबागेत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको. चौकातला नळ बंद झाला की सगळ्यांचे अडते, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून यंत्राच्या गाभ्यालाच हात घालणारे प्रयोग अजूनही बंगल्यातच करावे लागतात.

तास संपला की दुसरी आज्ञा, आणि सगळे पुसले जाते. हे पुसणे आमच्यातल्या काहींना खटकले. एवढे उभे केलेले मोडून का टाकायचे? तेव्हा एका आजींनी महेश्वरची आठवण काढली. अहिल्यादेवींच्या वाड्यात मातीची हजारो लहान शिवलिंगे रोज घडवतात, त्यांची पूजा होते आणि ती नर्मदेत सोडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच माती, तीच रीत. आपला पार्थिव गणपती तरी वेगळा काय? मूर्ती राखायची नसते, करण्याची रीत राखायची असते. आजींनी डॉकरचे नावही ऐकलेले नाही, पण मुद्दा त्यांच्याच बोलण्यातून आमच्या नीट लक्षात आला.

आपल्या देशात सरकारी पातळीवरही प्रयत्न झाला. २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या साह्याने शिक्षणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यातून दिल्लीच्या आयआयटीच्या पुढाकाराने 'व्हर्च्युअल लॅब्ज' हा प्रकल्प उभा राहिला आणि पुण्याचे सीओईपी, १८५४ पासूनचे जुने अभियांत्रिकी महाविद्यालय, त्यात सहभागी झाले. ज्या गावात उपकरण नाही तिथल्या मुलाला प्रयोग करता यावा, हा हेतू. हैदराबादच्या ट्रिपलआयटीने तर कूटलेखनाचीही आभासी प्रयोगशाळा केली. पण यातला मोठा भाग उपकरणाच्या चलत्चित्रासारखा आहे. बटण दाबले की जे व्हायचे ठरलेले आहे तेच होते. त्यात नवी चूक करता येत नाही. भौतिकशास्त्राच्या लंबकाला ते चालून जाईल. सुरक्षा शिकणाऱ्याला मात्र कुणी न योजलेली चूक करता आली पाहिजे, आणि त्यासाठी खरीखुरी, मोडणारी यंत्रे लागतात. याच मोहिमेतली पवईची दोन कामे आम्हाला अधिक मोलाची वाटतात. एक, स्पोकन ट्युटोरियल. लिनक्सपासून पुढचे धडे त्यांनी मराठीतही बोलून दाखवले आहेत. दुसरे फाटकसरांचे. त्यांनी यंत्रे वाटण्यापेक्षा शिक्षक तयार करण्यावर भर दिला. पवईहून थेट प्रक्षेपण, देशभरच्या महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे, आधी हजार आणि मग दहा हजार शिक्षकांचे लक्ष्य. जीएसआयटीएसमधून निघालेल्या माणसाने खिडकीच्या आतून बाहेर हात दिला, असे आम्ही म्हणतो. अतिशयोक्ती वाटली तर इंदुरी प्रेम समजून सोडून द्यावी.

कारण अडचण शेवटी तिथेच येते. साधने फुकट आहेत. एक बऱ्यापैकी सर्व्हर आपल्या गावातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाला परवडतो. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या लॅबना खरोखरचे कुलूप लागले, तेव्हा ज्यांच्याकडे कृती लिहिलेल्या होत्या त्यांचे प्रात्यक्षिकाचे तास घरोघरी चालू राहिले. बाकीच्यांनी प्रयोगाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. पण कृती लिहिणारा शिक्षक हवा, आणि दर वर्षी ती नवी करायला त्याला वेळ हवा. कालचा दोष आज कुणीतरी बुजवलेला असतो. जुन्या आवृत्त्या मिळेनाशा होतात. मागच्या वर्षीची कृती यंदा चालत नाही. हे काम वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. आमच्यातल्या एकीने ज्या महाविद्यालयात शिकवले, तिथे सर्व्हर दीड वर्ष खोक्यात होता, कारण खोलीची किल्ली कुणाकडे राहावी हे ठरत नव्हते. आमच्या काळचे ते कुलूप असे अजून कुठे कुठे जिवंत आहे. नवी यंत्रे घेतल्याच्या बातम्या छापून येतात. ती चालवणाऱ्याला आठवड्याचे चार तास मोकळे दिल्याची बातमी आम्ही तरी अजून वाचलेली नाही.

हा सगळा विषय मुलांच्या नोकरीपुरता राहिलेला नाही, म्हणून मंडळाने त्यात लक्ष घातले. 'आज रात्री वीज कापली जाईल' असे संदेश, पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी, बँकेच्या नावाची खोटी लिंक. आपल्या ओळखीच्या घरांतही हे पोहोचले आहे. पैसे गेल्यापेक्षा 'मी कसा फसलो' ही लाज माणसाला जास्त खाते, आणि म्हणून तो कुणाला सांगत नाही. आजवर आपण ज्येष्ठांना एकच सांगत आलो: कशालाही हात लावू नका. म्हणजे पुन्हा चपला बाहेर, हात मागे.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मंडळाच्या सभागृहात वेगळा प्रयोग केला. मुलांनी सहा लॅपटॉपवर टाकाऊ आभासी यंत्रे उभी केली. त्यांत खोटे खाते, खोटे पैसे, खोट्या वीज मंडळाचा खोटा संदेश. बाहेर काही जाणार नाही अशी व्यवस्था. आणि ज्येष्ठांना सांगितले, दाबा. पहिली दहा मिनिटे कुणी पुढे होईना. शेवटी पंचाहत्तरीच्या एक काकू बसल्या. लिंक दाबली, आलेल्या पानावर सांगितल्याप्रमाणे पिन घातला, आणि शेजारच्या पडद्यावर, म्हणजे चोराच्या पडद्यावर, त्यांचा पिन जसाच्या तसा उमटलेला दिसला. सभागृह शांत झाले. काकू बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहत होत्या. मग पत्त्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, ''हे अक्षर इथं वेगळं आहे, होय ना?'' मुलाने मान हलवली आणि यंत्र पुसून नवे उभे करायला घेतले.

''नवं होतं का परत?'' काकूंनी विचारले. ''मग थांब, उठवू नकोस मला. अजून एकदा फसून बघते.''